मॅकिंटॉश प्लसचा पडदा फार अंधुक झालाय, मदत हवी आहे

गोदाकाठ, शुक्रवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मावशी न्यू जर्सीला असते. तिथल्या मंडळाचं गणपतीचं पत्रक, कार्यक्रमपत्रिका, दिवाळी अंकाची काही पानं ती घरच्या मॅकिंटॉश प्लसवर करायची. देवनागरी फॉन्ट तिच्याकडे नव्हता. मग मॅकपेंट हा चित्र काढायचा प्रोग्राम उघडून एकेक अक्षर ठिपक्याला ठिपका जोडून काढायची. 'क्ष'साठी अख्खी संध्याकाळ गेली होती, असं अजून सांगते. गेल्या वर्षी तिनं घर आवरायला काढलं तेव्हा तो संगणक आणि फ्लॉप्यांचा एक डबा माझ्याकडे नाशिकला आला.

आता अडचण. बटण दाबलं की सुरुवातीचा सूर ऐकू येतो, फ्लॉपी घातली की हसरा मॅक दिसतो, मग डेस्कटॉपही येतो. माउस चालतो. पण पडदा इतका मंद आहे की दिवसा काही दिसतच नाही. रात्री खोलीतला दिवा घालवून, पुढचं ब्राइटनेसचं चाक शेवटपर्यंत फिरवलं की गडद राखाडीवर काळं, असं जेमतेम वाचता येतं.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांना दाखवला. त्यांनी न उघडताच 'ट्यूब गेली, भंगारात द्या' म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही. शिवाय त्या फ्लॉप्या ८०० केच्या आहेत, आताच्या यूएसबी ड्राइव्हला वाचताच येत नाहीत. म्हणजे मावशीची अक्षरं बघायची तर हाच संगणक नीट व्हायला हवा.

मशीन अमेरिकेचं असल्यानं स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सवय आहे. पिक्चर ट्यूबला मात्र कधी हात लावलेला नाही.

नऊइंची, शुक्रवार, रात्री १०:०५

फार छान वस्तू आली आहे तुमच्याकडे. प्लस १९८६च्या जानेवारीत आला आणि १९९०पर्यंत विकला जात होता. माझ्याकडे पुण्यात दोन आहेत, त्यातला एक अगदी असाच अंधारात गेला होता.

स्क्रूड्रायव्हर अजून काढू नका. झाकण न उघडता बरंच कळतं. आधी एवढं बघून सांगा.

चित्राची लांबी-रुंदी पट्टीने मोजा. पडद्यावर ५१२ गुणिले ३४२ ठिपके आहेत आणि इंचाला ७२ ठिपके बसतात, म्हणजे चित्र साधारण १८ बाय १२ सेंमी यायला हवं. मग अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत की पसरट ते बघा. आणि अर्धा तास चालू ठेवून उजेड वाढतो का, तेही.

हे का विचारतोय ते सांगतो. ट्यूबचा मोठा व्होल्टेज पडला तर चित्र मंद होतं, पण त्याबरोबर फुगतं आणि धूसरही होतं. ट्यूब खरंच थकली असेल तर सुरुवातीला अगदी मलूल असते, तापली की हळूहळू सुधारते, आणि पांढरा भाग चंदेरी, माखल्यासारखा दिसतो. दोन्ही नसेल तर ट्यूबला दोष द्यायची घाई नको.

टोरांटोकर, शुक्रवार, रात्री ११:३०

धागा बघून आनंद झाला. आमच्या मंडळाची पत्रकंही एकेकाळी अशीच व्हायची, मराठी मजकूर हाताने लिहून चिकटवलेला असायचा.

मला स्टेपडाउनचा संशय येतो. तुमच्याकडे संध्याकाळी वीज कमी दाबाने येत असेल तर ट्रान्सफॉर्मरमधूनही त्याच प्रमाणात कमी मिळणार. २३० ला ११० देणारा असेल तर २१० ला शंभरच देतो. एकदा मोजा.

गोदाकाठ, शनिवार, दुपारी १२:४०

सगळं मोजलं.

चित्र १७.९ बाय १२ सेंमी. अक्षरं मंद आहेत पण कडा अगदी रेखीव, मेनूतली बारीक रेघही सुटी दिसते. पाऊण तास चालू ठेवला, उजेडात काही फरक नाही. ट्रान्सफॉर्मरमधून काल रात्री १०२ व्होल्ट येत होते, आज सकाळी १०९. पडदा दोन्ही वेळी तसाच.

आणखी एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही. टेबलाच्या डाव्या बाजूला लोखंडी कपाट आहे. त्याचं दार जोरात लागलं की पडदा क्षणभर लख्ख होतो आणि पुन्हा विझल्यासारखा होतो.

पंचगंगा, शनिवार, दुपारी २:१५

ताई, कपाटाच्या दाराचं तुम्ही शेवटी लिहिलंय, पण रोग तिथंच आहे बघा.

मी कोल्हापूरला ३२ वर्षं टीव्ही दुरुस्त केले. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात अशी गिऱ्हाईकं रोज यायची, 'वरून थाप मारली की चित्र येतं' म्हणत. थापेनं उजेड वाढतोय तर ट्यूब जिवंत आहे. मेलेली ट्यूब थापेनं उठत नाही. हे ड्राय सोल्डर आहे. कुठल्या तरी पायाचं सोल्डर सुटलंय, दिसायला जागेवर दिसतं, पण आत करंट अडखळतोय.

स्टेपडाउनचं म्हणाल तर कमी व्होल्टेज चांगलं नाहीच, ते सुधारा. पण यात स्विचिंग सप्लाय आहे. आत येणारा दाब थोडा खाली-वर झाला तरी बाहेर तो तेवढाच देतो. दाब फारच पडला तर मशीन बंद पडेल, सप्लाय 'फुक फुक' करेल, पण नुसता उजेड कमी करून बाकी सगळं नीट ठेवणार नाही.

या मशीनची जात मला माहीत नाही. आतली बोर्डं कशी बसवलीत?

नऊइंची, शनिवार, दुपारी ३:००

काका, अगदी बरोबर बोट ठेवलंत. प्लसमध्ये सप्लाय आणि पडद्याचं सर्किट एकाच उभ्या बोर्डवर असतं, त्याला ॲनालॉग बोर्ड म्हणतात. समोरून बघितलं तर ते डाव्या अंगाला येतं, म्हणजे नेमकं कपाटाच्या बाजूला. आणि प्लसला पंखाच नाही. वरच्या फटींमधून गरम हवा आपोआप निघून जाते, तेवढीच सोय. पंखा पुढे १९८७च्या मॅकिंटॉश एसईमध्ये आला. त्यामुळे या बोर्डवरचे सांधे वर्षानुवर्षं तापतात, निवतात, तापतात. जड भागांचे पाय सगळ्यात आधी सुटतात: एलओटी (ट्यूबचा मोठा व्होल्टेज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर), योकचा (ट्यूबच्या मानेभोवतीच्या, किरण वळवणाऱ्या वेटोळ्यांचा) कनेक्टर, सप्लायचा ट्रान्सफॉर्मर.

झाकण उघडण्याआधी एक मोजमाप राहिलं. मागे बाहेरच्या फ्लॉपीचं १९ पिनांचं पोर्ट आहे. पहिल्या चार पिना ग्राउंड, सहावीवर ५ व्होल्ट, सातवी आणि आठवीवर १२. मशीन चालू असताना मोजा, पण प्रोब शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका. पडद्याचं बहुतेक काम त्या १२ वर चालतं.

ट्रान्झिस्टर, शनिवार, दुपारी ४:२०

एलओटी गेला असेल तर टीव्हीचा बसवता येईल का? जुन्या १२ इंची पोर्टेबलचा माझ्याकडे पडून आहे.

पंचगंगा, शनिवार, दुपारी ४:५०

नको. आपला जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेघा काढतो. नऊइंची, यात किती?

नऊइंची, शनिवार, दुपारी ४:५८

२२ हजारांच्या थोडं वर, सेकंदाला साधारण ६० चित्रं. टीव्हीचा नाही चालणार.

गोदाकाठ, शनिवार, संध्याकाळी ७:३३

५.०२ आणि १२.१. दोन्ही स्थिर.

पंचगंगा, शनिवार, रात्री ८:१०

झकास. सप्लाय चोख, चित्राचं माप चोख, फोकस चोख. म्हणजे एलओटी मोठा व्होल्टेज बरोबर देतोय. पण एलओटीतून नुसता तेवढाच निघत नाही. त्याच्या बाकीच्या पायांवरून ट्यूबच्या ग्रिडचे छोटे पुरवठे निघतात, त्यातला एक स्क्रीनचा. तो पडला की चित्र मापात, रेखीव, आणि अंधारात. तुमची तिन्ही लक्षणं जुळली. एलओटीचे पाय आणि ट्यूबच्या मानेवरचं छोटं बोर्ड, या दोन जागा आधी भिंगाखाली घ्या.

पाऊलवाट, शनिवार, रात्री ९:२५

थोडं अवांतर, माफ करा. माझ्या १९९८च्या लॅपटॉपचा पडदाही अंधुक झालाय. तिथेही सोल्डरच बघू का?

नऊइंची, शनिवार, रात्री ९:४०

लॅपटॉपचं दुखणं वेगळं. त्यात पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट नळी असते आणि तिला चालवणारा इन्व्हर्टर. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. चित्र दिसलं तर पडदा ठीक आहे, नळी किंवा इन्व्हर्टर गेलाय. चालू केल्यावर काही वेळ गुलाबी-लालसर झाक दिसत असेल तर नळी म्हातारी झाली आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

दक्ष, शनिवार, रात्री १०:१५

उघडण्याआधी हे नीट वाचा, कळकळीने लिहितोय. पिक्चर ट्यूबवर साधारण १२ हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये साठून राहतात. सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमधला चार्जही जीवघेणा असतो. घरात एकट्या असताना हे करू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. ट्यूबपाशी काम करताना एक हात पाठीमागे.

नऊइंची, शनिवार, रात्री १०:४०

दक्ष यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आता उघडायची रीत.

टी-१५चा टॉर्क्स लागेल, दांडा किमान २० सेंमी लांब, कारण दोन स्क्रू हँडलच्या खोबणीत खोल आहेत. दोन खाली पोर्टांपाशी, आणि पाचवा बॅटरीच्या झाकणाआड. तो पाचवा बहुतेक जण विसरतात आणि जोर लावून प्लास्टिक फोडतात. मशीन काचेच्या बाजूने मऊ पंचावर पालथं ठेवा आणि मागचं झाकण सरळ वर उचला. ट्यूबची मान बोटाएवढी बारीक असते. तिला तिरका धक्का लागला तर आत हवा शिरते आणि ट्यूब कायमची जाते. सगळ्यात जास्त ट्यूब दुरुस्तीत अशाच गेल्या आहेत.

चार्ज उतरवायला चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या, मूठ चांगली इन्सुलेटेड हवी. त्याच्या दांड्याला वायर बांधून वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या ग्राउंडला, म्हणजे ट्यूबच्या पत्र्याच्या फ्रेमला लावा. बोर्डवर कुठेही नको. वायरमध्ये एक मेगओहमचा रेझिस्टर घातलात तर उत्तम. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच ट्यूबच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली सरकवा, आतल्या धातूच्या क्लिपला टेकेपर्यंत. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा एकदा टेकवा, चार्ज थोडा परत जमा होतो.

पंचगंगा, शनिवार, रात्री ११:०२

आणि जुनं सोल्डर नुसतं वितळवून बसवू नका. विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या पट्टीनं) काढून टाका, पाय घासून स्वच्छ करा, राळ लावा आणि नवं भरा. जुन्यावर नवं थापलं तर दोन उन्हाळ्यांत परत तेच. एलओटीचे पाय जाड असतात, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं तापणार नाहीत, ४०-५० ची घ्या.

प्रीसेटना, म्हणजे बोर्डवरच्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या छोट्या चाव्यांना, अजिबात हात लावायचा नाही. आधी सोल्डर, मग चालू करून बघणं, आणि मगच प्रीसेट.

गोदाकाठ, पुढचा रविवार, दुपारी १:२०

सगळ्यांचे आभार आधी मानते, कारण आज बोर्ड बाहेर काढलं.

टॉर्क्स मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवला, त्यात आठवडा गेला. भाऊ शेजारी उभा होता. चार्ज उतरवताना 'चट्' असा बारीक आवाज आला, तेवढाच.

झाकणाच्या आतल्या बाजूला सह्या आहेत! प्लास्टिकमध्येच उमटवलेल्या, ज्यांनी पहिला मॅकिंटॉश बनवला त्या सगळ्यांच्या. वाचलं होतं, पण बोट फिरवल्यावर त्या उंचवटा होऊन हाताला लागतात हे माहीत नव्हतं. मावशीकडे ही वस्तू इतकी वर्षं होती, तिला याचा पत्ताही नव्हता.

आता बोर्ड. एलओटीचे पाय दहापट भिंगाखाली बघितले. तीन पायांभोवती केसाएवढी काळी रेघ, अगदी गोल. पाय मध्ये, सोल्डर बाहेर, आणि दोघांच्या मध्ये ती रेघ. लाकडी काडीने वरून एलओटी हलवला तर त्यातला एक पाय सोल्डरच्या कड्यात खालीवर होताना स्पष्ट दिसला. योकच्या कनेक्टरच्या दोन पायांनाही तशीच रेघ आहे, थोडी फिकट.

आणि काका, कटऑफ लिहिलेला प्रीसेट एका टोकाला पूर्ण फिरवलेला आहे. मावशीला फोन केला. ती म्हणाली, नव्वदीच्या मध्यात पडदा मंद झाला म्हणून तिथे कोणाला तरी दाखवला होता, आणि त्यांनी पाच मिनिटांत 'ठीक' करून दिला होता.

पंचगंगा, रविवार, दुपारी १:५५

सगळी गोष्ट जुळली. सांधा तेव्हाच सुटायला लागला होता. कारण न शोधता कटऑफ फिरवून स्क्रीनचा व्होल्टेज वाढवून दिला, काही वर्षं भागलं. पुढं सांधा आणखी सुटला आणि वाढवायला जागाच उरली नाही.

आता लक्ष द्या. सांधा नीट झाल्यावर तो प्रीसेट तसाच टोकाला राहिला तर ट्यूबवर नको इतका भार येईल. चालू करताना पुढचं चाक सगळ्यात कमीवर ठेवा.

गोदाकाठ, रविवार, रात्री ८:४८

केलं. एलओटीचे सगळे पाय, योकचा कनेक्टर, मानेवरच्या बोर्डचं सॉकेट, सगळ्यांचं जुनं सोल्डर काढून नवं भरलं. सप्लायच्या जड भागांचेही.

चाक कमीवर असूनही पडदा पांढराफटक आला. काळ्या भागातही राखाडी उजेड, आणि वरून खाली तिरक्या पांढऱ्या रेघा. लगेच बंद केलं.

नऊइंची, रविवार, रात्री ९:०३

अभिनंदन! त्या तिरक्या रेघा म्हणजे किरण खालून परत वर जातानाची वाट. एरवी ती लपलेली असते, स्क्रीनचा व्होल्टेज फार वाढला की उघडी पडते. आता कटऑफ खाली आणायचा. पुढचं चाक पूर्ण वर न्या आणि चित्राबाहेरची काळी कड राखाडी दिसायची जेमतेम थांबेल तिथे प्रीसेट सोडा. मग चाक रोजच्या उजेडावर.

पंचगंगा, रविवार, रात्री ९:१०

समोर आरसा ठेवा. तुम्ही मागून फिरवणार, पडदा समोर. वाकून बघायला गेलं की हात हलतो आणि भलत्या ठिकाणी लागतो. प्लास्टिकचाच स्क्रूड्रायव्हर, एकच हात. आम्ही टीव्हीला असंच करायचो, दुकानातला आरसा त्यासाठीच असायचा.

गोदाकाठ, रविवार, रात्री १०:३७

आईचा केस विंचरायचा आरसा आणला. प्रीसेट जवळजवळ मध्यावर येऊन थांबला. चाक निम्म्यावर आहे आणि ट्यूबलाइट चालू असताना सगळं वाचता येतंय. पांढरा रंग खरंच पांढरा आहे.

मशीन बंद असताना काचेवर दिव्याचा उजेड तिरका पडला की वरच्या बाजूला मेनूपट्टीची फिकट तपकिरी सावली दिसते. वापरून वापरून उमटलेली. ती जाणार नाही ना?

नऊइंची, रविवार, रात्री १०:५०

नाही, ती फॉस्फरमध्ये, म्हणजे काचेच्या आतल्या चमकणाऱ्या थरात, जळलेली खूण आहे. मावशींनी किती तास काम केलं ते दिसतंय तिथे. झाकण लावायच्या आधी एक बघा: सप्लायपाशी पारदर्शक पिवळसर कवचाचा, बारीक भेगा पडलेला कंडेन्सर असेल तर आत्ताच बदला. तो दमट हवेत ओल धरतो आणि एक दिवस भयंकर धूर काढतो. पुण्यात तपकीर गल्लीत एक्स-२ प्रकारचा मागा, सहज मिळतो. हवा तर मी पोस्टाने पाठवतो.

टोरांटोकर, सोमवार, पहाटे ५:१५

आता फ्लॉप्यांची काळजी घ्या. आत घालण्याआधी सरकतं झाकण बाजूला करून चकती उजेडात बघा. बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर ती घालूच नका, ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडतात. प्रत्येकीचं लेखनबंदीचं छिद्र उघडं ठेवा. माझ्याकडे फ्लॉपी एम्यू आहे, मागच्या त्याच १९ पिनांच्या पोर्टात बसतो आणि मेमरी कार्डालाच फ्लॉपी म्हणून दाखवतो. डिसेंबरात मी नाशिकला येतोय, घेऊन येईन. तोवर फक्त बघा, काही सेव्ह करू नका.

गोदाकाठ, बुधवार, रात्री ९:२०

कंडेन्सर बदलला, सापडला तसाच होता, भेगांसकट. नऊइंची, पाकीट मिळालं. पैसे कसे पाठवू ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

डब्यात चौदा फ्लॉप्या आहेत. दोघींना बुरशी आहे, त्या बाजूला ठेवल्या. आज तीन वाचल्या. दुसऱ्या फ्लॉपीत 'गणपती ८९' नावाची फाइल होती. मॅकपेंट उघडायला पुष्कळ वेळ लागला, ड्राइव्ह घरघरत होता, आणि मग पडद्यावर आरतीची पहिली दोन कडवी आली. शिरोरेघ सगळीकडे दोन ठिपक्यांची आहे. ऱ्हस्व इकार प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रुंदीचा आहे, पुढच्या अक्षराप्रमाणे मोजून काढलेला.

मावशीला व्हिडिओ कॉल लावून कॅमेरा पडद्यासमोर धरला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिसऱ्या ओळीत 'र्त' बघ. रफार एक ठिपका उजवीकडे गेलाय. छापून आल्यावर दिसलं होतं मला, दुरुस्त करायचं राहिलंच."

टोरांटोकर, डिसेंबरात तुम्ही आलात की आधी सगळ्या प्रती उतरवून घेऊ. मग तो ठिपका तिला तिथूनच सांगायला लावून आपण हलवू.